पीएमचा कागद

घरात इंग्रजी वाचणारा मी, म्हणून चुलत्यांचा पीएम, म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट माझ्यापुढे आला. सेनगाव तालुक्यात, सोयाबीनवर फवारणी चालू असताना ते धुऱ्यावर उताणे पडलेले सापडले होते. उचलायला गेले तेव्हा पाठ काळीनिळी. कुणी साप म्हणालं. बाकी गावाने ‘औषध पिलं’ म्हणून निकाल दिला. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं. जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग मिठाच्या द्रावणात रासायनिक तपासणीला गेले, हृदय फॉर्मॅलिनमध्ये वेगळं. निकाल येईपर्यंत काकू पाण्यालासुद्धा बाहेर पडल्या नाहीत.

विष निघालं नाही. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत गुठळी होती. पाठीचं निळेपण विषाचंही नव्हतं आणि माराचंही: हृदय थांबलं की रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तासा-दोन तासांत डाग दिसू लागतात. एवढं ऐकून त्यांचा थोरला मुलगा सैल झाला. मग त्याने योजनेचं विचारलं. शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश, वीज, विषबाधा बसते, 2 लाख मिळतात. आत्महत्या त्या योजनेत बसत नाही; ती पात्र ठरली तर वेगळी मदत, 1 लाख. हार्ट अटॅक नैसर्गिक मृत्यू, त्याला काही नाही. बाप औषध प्यायला नाही याचं समाधान आणि पैसे गेल्याची चुटपुट एकाच चेहऱ्यावर दिसली. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही वाटलं नाही. पेरणीचं कर्ज उभंच होतं.

खरी अडचण पुढच्या ओळीत होती. हृदयाच्या स्नायूवर जुना, भरून आलेला व्रण. म्हणजे निदान दीड-दोन महिने आधी एक झटका येऊन गेलेला. हे काकूंना सांगायचं का? मृत्यूचं कारण या ओळीवाचूनही पूर्ण होत होतं, आणि ती गाळली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण कागद त्यांच्या नवऱ्याचा होता. त्यातलं काय झेपेल हे ठरवणारा मी कोण? मी थोरल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “मायला सांग सगळं.”

सांगितलं. काकू बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “पेरणीत दोन दिवस निजून होते. घामानं अंथरूण भिजलं. दवाखान्यात चला म्हनलं, तर पित्त हाय म्हनले. सोडा पिऊन तिसऱ्या दिवशी रानात.”

थोड्या वेळाने त्यांनीच मला विचारलं, “तेव्हा नेलं असतं तर वाचले असते का, बापू?”

“वाचण्याची आशा होती काकू. नक्की वाचलेच असते, असं या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही.”

त्यांनी मान हलवली आणि थोरल्याकडे वळल्या. “धाकट्यालाबी लई पित्त होतंय. उद्याच हिंगोलीला नेऊन त्याच्या छातीची पट्टी काढून आण.”