हुपरीस दोन रात्री

कोल्हापुरास येणारा प्रवासी अंबाबाईचें दर्शन घेतो, पन्हाळ्याची वाट धरतो आणि परततो. आग्नेयेस थोड्याच अंतरावर असलेल्या हुपरीकडे तो सहसा वळत नाहीं. परंतु ज्या घरांत बारशाच्या दिवशीं बाळाच्या पायांत चांदीचे वाळे घातले गेले, त्या घराशीं या गांवाचा नकळत संबंध आलेला असण्याचा संभव पुष्कळ आहे.

माझी वडील बहीण येथें दिलेली. आक्कानें आतां ऐंशी ओलांडली आहे. गेल्या पौषांत ती रात्रीं परसाकडे जातांना अंधाऱ्या बोळांत पडली व तिचें मनगट मोडलें. तिला भेटावें म्हणून माघांत मी निघालों. पट्टणकोडोली मागें पडली, उसाचे फड सरले, आणि हुपरीच्या पेठेंत शिरतांच बारीक ठोक्यांचा नाद कानांवर येऊं लागला.

चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते. ती मुशींत आटवावयाची, तिची तार ओढावयाची, तारेच्या कड्या करून झाळावयाच्या, घुंगरें बसवावयाचीं आणि शेवटीं उजाळा द्यावयाचा. एका पैंजणावर असे अनेक हात फिरतात. यांतील कित्येक कामें घरोघर चालतात. ओसरीवर बसून पैंजणांस घुंगरें लावणाऱ्या बायका पाहिल्या म्हणजे गांव आणि कारखाना हा भेद येथें कोठें करावा, हें समजत नाहीं.

त्या रात्रीं मी पाण्यासाठीं उठलों. बोळांत पाऊल टाकतांच डोक्यावरील दिवा आपोआप लागला. मी परतल्यावर थोड्या वेळानें आपोआप विझला. आक्काच्या अपघातानंतर तिच्या नातवानें बोळ, जिना, न्हाणीघर आणि देवघर येथें ही योजना केली होती. सकाळीं मीं विचारतांच त्यानें मला सर्व समजावून सांगितलें.

त्या पांढऱ्या घुमटीच्या आंत एक लहानसा स्फटिक असतो. आपल्या शरीरांतून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडत असतात, ते त्यास जाणवतात. तांबड्यापलीकडील हे किरण विल्यम हर्शेल यानें 1800 सालीं, लोलकांतून पसरलेल्या सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्याबाहेर उष्णतामापक ठेवून शोधून काढले. स्फटिकाचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सर्व स्थिर असेल तर तोल सांभाळला जातो. ऊब असलेला प्राणी एका भागासमोरून दुसऱ्यासमोर सरकला कीं तोल बिघडतो व दिवा लागतो. म्हणून हें यंत्र वाटेस आडवें पाहील असें लावावें. सरळ त्याच्या रोखानें येणारा त्यास उशिरां कळतो. शेगडीसमोर वा उन्हाच्या खिडकीसमोर तें नसावें. वैशाखांत भिंती अंगाइतक्या तापल्या म्हणजे त्याची नजर मंदावते. मांजरासही तें दिवा लावून देतें, हें मीं स्वतः पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मी देवघराशीं गेलों. आक्का जपास बसली होती. थोड्या वेळानें दिवा विझला. तिनें माळ न थांबवितां प्लॅस्टरांतला हात वर करून हालविला, दिवा लागला. पुन्हां विझला, पुन्हां तिनें हात उचलला. मीं पाहतों आहें हें ध्यानांत येतांच ती हसून म्हणाली, “अरे, दर थोड्या वेळानें याला सांगावें लागतें, मी आहें अजून!”

ती हसली, मला मात्र हसूं आलें नाहीं. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करतात, तसें हें यंत्र हालचालीवरून माणसाचें अनुमान करतें; तेथवर ठीक. पण हालचाल नाहीं म्हणून माणूसही नाहीं, हा उलट निष्कर्ष शुद्ध हेत्वाभास होय. आणि घरांत निश्चल बसणारीं माणसें कोण? जपास बसलेलीं, आजारी, म्हातारीं. म्हणजे ज्यांना दिव्याची गरज अधिक, त्यांनाच तो सोडून जाणार.

मीं हें नातवास सांगितलें. श्वासाची हालचालही टिपणारीं निराळीं यंत्रें आतां मिळतात, तीं बसवूं, असें तो म्हणाला. आक्का म्हणाली, “बोळांतला दिवा राहूं दे बाळ, त्याचे उपकार आहेत. येथें मात्र आपलें साधें बटण बरें.” त्याच दिवशीं देवघरांत बटण आलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें एक जुनी गोष्ट काढली. ती नवी नवरी म्हणून या घरीं आली तेव्हां तिच्या पायांत येथलेच पैंजण होते. रात्रीं ती उठली कीं सासूबाई अंथरुणांतून विचारीत, “कोण गं, तूं का?” आणि कंदिलाची वात मोठी करीत. “कधीं कधीं मी नुसती उठून बसत असें,” आक्का म्हणाली, “पैंजण वाजत नसत, तरी त्या विचारीत, झोंप येत नाहीं का गं?”

निघण्याच्या पहांटे मी अंधारांत पिशवी घेऊन बोळांत आलों. दिवा लागलाच; पण त्याच्याआधीं आक्काच्या खोलीतून हांक आली, “निघालास का रे?”