पाण्याचा हिशेब ठेवणारा अवयव

दिवसभरात आपण किती पाणी प्यालो आणि किती घाम गाळला, याची नोंद माणूस क्वचितच ठेवतो. ती नोंद त्याची मूत्रपिंडे ठेवतात. मुठीएवढे हे दोन अवयव कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या मुखाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. तेथे रक्तपेशी व मोठी प्रथिने अडतात. पाणी, क्षार, साखर आणि युरिया पलीकडे झिरपतात. दिवसाकाठी असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव मात्र जेमतेम ३ लिटर. म्हणजे तो दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो. त्यातील ९९ टक्के पाणी पुन्हा रक्तात परतते आणि लिटर-दीड लिटर मूत्र बाहेर पडते.

ही रीत विचार करण्याजोगी आहे. नको ते निवडून टाकण्याऐवजी मूत्रपिंड बहुतेक सारे लहान रेणू आधी गाळून काढते आणि मग हवे तेवढे परत घेते. त्यामुळे एखादा अपरिचित पदार्थ ओळखता आला नाही, तरी तो बाहेर जाऊ शकतो.

पाणी किती राखायचे, हे मेंदू ठरवतो. रक्त किंचित घट्ट झाले की तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन स्रवते. त्याच्या प्रभावाने संग्राहक नलिकांच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाची जलद्वारे बसतात, पाणी परत शोषले जाते आणि मूत्र गडद होते. तरीही दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. त्याखेरीज युरिया व क्षार बाहेर जाऊ शकत नाहीत.

या काटकसरीलाही मर्यादा आहे, याची आठवण आंध्र प्रदेशातील उद्दानम देते. श्रीकाकुलम जिल्ह्यातील नारळ-काजूच्या बागांचा हा पट्टा. येथे मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांचीही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. उन्हातील कष्ट आणि वारंवार होणारे निर्जलीकरण, भूजलातील घटक, कीटकनाशके अशा अनेक कारणांचा संशय घेतला गेला. एकही निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांमध्येही असाच आजार आढळतो आणि तेथे उष्णतेच्या ताणाकडे संशोधकांचे विशेष लक्ष आहे.

या आजाराची कठोर बाजू म्हणजे त्याचे मौन. काही नेफ्रॉन नष्ट झाले की उरलेले अधिक काम अंगावर घेतात. जवळपास निम्मी कार्यशक्ती गेली, तरी रक्तातील क्रिएटिनिन सामान्य मर्यादेत दिसू शकते. पायांवर सूज, थकवा, मळमळ जाणवू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. मग उरतो डायलिसिस: आठवड्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी ते तीन दिवस मजुरीविना जातात.

म्हणूनच उन्हात राबणाऱ्याला कामाच्या जागी पिण्याचे स्वच्छ पाणी, सावली आणि विश्रांती मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्याच्या जोडीला मूत्रातील प्रथिनांची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी वेळोवेळी व्हावी. दोन्ही तपासण्या साध्या आहेत. मूत्रपिंड स्वतः तक्रार करीत नाही, तोवर त्याची विचारपूस करण्याचा मार्ग तोच.