नसलेल्या दाढेचें दुखणें

'आपलेच दांत आणि आपलेच ओंठ' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों; परंतु तिचा अक्षरशः अनुभव घेण्याचा योग सत्तरीच्या उंबरठ्यावर येईल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. दांतदुखी हा मोठा विलक्षण प्रकार आहे. ज्वर आला, हाड मोडलें, छातींत कळ आली, तर सभोंवतालच्या मंडळींचे चेहरे गंभीर होतात. पण गाल धरून बसलेला मनुष्य पाहिला कीं पाहणाराच्या ओंठांवर हसूं येतें. कोणी लवंगेचें तेल सुचवितो, कोणी तुरटीच्या गुळण्या सांगतो, आणि कोणी 'काढून टाका, मोकळे व्हा' असा निर्वाणीचा उपदेश करून मोकळा होतो. या शेवटच्या उपदेशाविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण आमची दाढ काढली ती सन २०२२ च्या मार्चमध्यें. आणि ती अजून दुखते. वाचकांनीं हें वाक्य छापखान्याची चूक समजूं नये.

हकीकत थोडक्यांत अशी. सन २०२१ च्या डिसेंबरांत वरच्या जबड्यांतील डाव्या बाजूची एक दाढ ठणकूं लागली. आमच्या गांवच्या दंतवैद्यांनीं ती तपासली, आंतला सडलेला गाभा काढला, आणि मुळांच्या नळ्या साफ करून भरल्या. 'रूट कॅनाल' या नांवानें आतां आबालवृद्ध ज्यास ओळखतात, तोच हा विधि. काम नीट झालें होतें. क्ष-किरणांच्या चित्रांतही कोठें खोट दिसत नव्हती. पण महिना लोटला तरी ठणका थांबेना. उलट त्याचें रूपच पालटलें. पूर्वीची कळ गरम चहाच्या घोटाबरोबर उठे आणि विरून जाई. ही नवी वेदना मिरची चोळल्याप्रमाणें रात्रंदिवस चुरचुरत राही, आणि दाढेपुरती न थांबतां गालावरून डोळ्याच्या खोबणीकडे व तेथून कानशिलाकडे पसरे. वरच्या ओंठाची डावी कड बधिर झालेली, आणि त्याच जागेस वाऱ्याची झुळूक मात्र सहन होऊं नये, असा तो विचित्र प्रकार होता. त्या बाजूची दाढी करणें आम्हीं सोडून दिलें. उशीला डावा गाल टेकतां येईना.

दाढ काढून टाकावी असा आम्हीं हट्ट धरिला, आणि ती काढविली. ठणका जेथल्या तेथें राहिला. तेव्हां दोष शेजारच्या दांताचा असला पाहिजे, अशी आमची बालंबाल खात्री झाली. दंतवैद्यांनीं तोही दांत ठोकून, थंड लावून पाहिला आणि सांगितलें, "दांत निरोगी आहे, निरोगी दांत मी काढणार नाहीं." यावर आम्ही रागावलों. दुसऱ्या गांवीं दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेलों, पहिल्यांचें मत त्यांच्यापासून लपवून ठेविलें, दांत दुखतो म्हणून रडकुंडीस येऊन सांगितलें, आणि तो काढवून घेतला. या गोष्टीचें खापर कोणाच्याही माथ्यावर फोडतां येणार नाहीं. आपलेच दांत! त्या रात्रीं वेदना पूर्वीच्या दुप्पट झाली, आणि अंधारांत बसल्या बसल्या आम्हांस अनेक वर्षांत न झालेली आठवण झाली: आत्याबाईंची.

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी. वैधव्यानंतर त्या आमच्याच घरीं राहत. गोष्ट सन १९७४ ची. आम्ही नुकतेच पदवीधर होऊन शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों होतों, आणि नव्या पदवीबरोबर येणारी सर्वज्ञता अंगीं पुरेपूर मुरली होती. आत्याबाईंच्या उजव्या गालांत एकाएकीं अशी कळ येई कीं हातांतलें भांडें खालीं पडे. क्षण-दोन क्षण त्या पदर गालाशीं धरून भिंतीस टेकत, डोळ्यांतून पाणी ओघळे, आणि मग कांहींच झालें नाहीं अशा चेहऱ्यानें पुन्हां पोळ्या लाटूं लागत. बोलतांना, चूळ भरतांना, घास चावतांना ती कळ उठे. म्हणून त्यांनीं बोलणें कमी केलें, आणि मऊ भात व ताक एवढ्यावर त्या दिवस काढूं लागल्या. खालच्या दोन दाढा त्यांनीं काढविल्या होत्या. उपयोग झाला नव्हता. वरची दाढ काढण्यास मात्र त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहींत. 'वरचा दांत काढला कीं डोळा जातो,' असें त्या म्हणत, आणि त्यावर आम्ही हसत असूं.

हसण्यावरच भागलें असतें तर आज एवढें लागलें नसतें. एकदां घरीं पाहुणे जेवावयास असतां त्यांना कळ आली, आणि आम्ही सर्वांसमक्ष म्हणालों, "आत्याबाई, तुमची कळ मोठी शहाणी आहे, काम निघालें कीं बरोबर येते." मंडळी हसली. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. बोललें कीं कळ उठे म्हणून बोलल्या नाहींत, कीं बोलून उपयोग नाहीं म्हणून, हें आम्हांस आजतागायत कळलें नाहीं. सन १९८१ मध्यें त्या वारल्या.

दुसरा दांत गमावल्यावर आम्ही पुण्यास मज्जातंतूंच्या विकारांचे तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांकडे गेलों. डोक्याचें एम्. आर्. आय्. चित्र काढण्यांत आलें. त्यांत कांहीं निघालें नाहीं. आणि सांगावयास लाज वाटते, पण तें ऐकून आमची निराशा झाली. मस्तकांत गांठ नाहीं, हें ऐकून ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्या मनःस्थितीची कल्पना वाचकांनींच करावी. दाखवावयास कांहीं तरी सांपडावें, एवढीच आमची इच्छा उरली होती. आत्याबाईंपाशीं तरी दाखवावयास काय होतें?

डॉक्टर स्वभावानें शांत होते. त्यांनीं कागदावर एका चेहऱ्याची आकृति काढून समजावून सांगितलें. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदनेची आहे. कानाच्या पुढील बाजूस, कवटीच्या आंत, प्रत्येक तंतूच्या तीन शाखा होतात. पहिली कपाळ व डोळा यांजकडे जाते, दुसरी गाल व वरचे दांत यांजकडे, आणि तिसरी खालचा जबडा व खालचे दांत यांजकडे. दाढेच्या मुळाशीं जाणारा धागा रोगानें, औषधानें किंवा हत्यारानें दुखावला, तर बहुतेकांचा तो भरून येतो. थोड्यांचा मात्र येत नाहीं. मग तो दुखावलेला धागा कारण नसतां आपण होऊन निरोप धाडूं लागतो, आणि निरोप ऐकून ऐकून मेंदूंतील केंद्रही इतकें हळवें होतें कीं साधा स्पर्शही त्यास वेदना वाटूं लागतो. तिन्ही शाखांचे निरोप अखेर एकाच ठिकाणीं येऊन मिळत असल्यामुळें दाढेचें दुखणें डोळ्याचें भासतें. दाढ काढल्यानें निरोप धाडणारा धागा कांहीं निघून जात नाहीं. उलट आणखी एक जखम मात्र होते. वाडा पाडून टाकला तरी त्याच्या पत्त्यावर टपाल येत राहावें, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत हात-पाय गमावलेल्या सैनिकांना त्या नसलेल्या अवयवांत वेदना होत. वियर मिचेल या डॉक्टरानें १८७१ सालीं त्यास 'छाया-अवयव' अशा अर्थाचें नांव दिलें. पाय गेलेल्या शिपायाचें दुखणें लोकांना पटतें. दाढ गेलेल्या शिक्षकाचें पटत नाहीं, एवढाच काय तो भेद.

मग आम्हीं भीत भीत आत्याबाईंची लक्षणें सांगितलीं. डॉक्टर म्हणाले, "त्यांचें दुखणें वेगळें. तंतु तोच, पण तुमची वेदना सतत जळणारी, त्यांची विजेसारखी येऊन जाणारी. तशा कळेवर कार्बामाझेपिन हें औषध पुष्कळांना लागू पडतें." हें औषध कधीं निघालें, असें आम्हीं विचारलें. त्याचा या कळेवर उपयोग होतो, हें १९६२ सालींच प्रसिद्ध झालें होतें. आत्याबाईंच्या भांड्यांचा आवाज आमच्या घरांत घुमत होता तो १९७४ सालीं. त्यांना त्या औषधानें गुण आला असता कीं नसता, हें आतां कोण सांगणार? पण विचारावयास म्हणून देखील त्यांना घेऊन कोणी पुण्यास गेलें नाहीं. आणि घरांत पदवीधर असा एकच मनुष्य होता.

घरीं परतल्यावर आम्हीं सुश्रुतसंहिता काढिली. उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील 'अनंतवात' नांवाच्या रोगांत वेदना मानेपासून उठून डोळा, भुंवई व कानशील यांजवर ठाण मांडते, आणि हनुवटीही धरली जाते. चिकित्सास्थानांत याहूनही चकित करणारी गोष्ट सांपडली. वरचा घट्ट दांत उपटल्यास रक्तस्राव होऊन मनुष्य एका डोळ्यानें आंधळा होतो, तोंड वांकडें होतें. सबब वैद्यानें वरचा दांत हलत असला तरी काढूं नये, असें तेथें स्पष्ट बजाविलें आहे. आत्याबाईंनीं सुश्रुत वाचला नव्हता, आणि आम्ही संस्कृताचे शिक्षक असूनही तो उघडला नव्हता! वरचा दांत काढल्यानें दृष्टि जाते हें खरें नाहीं. आजचे दंतवैद्य असे दांत रोज काढतात आणि कोणाचे डोळे जात नाहींत. पण वरचा दांत व डोळा यांचें कांहीं तरी नातें आहे, हें जुन्या लोकांनीं दुखणें सोसतां सोसतां हेरलें होतें. नातें खरें होतें. अनुमान मात्र चुकलें होतें. आम्ही अनुमानास हसलों आणि त्याबरोबर नातेंही फेंकून दिलें.

युरोपांतही याहून वेगळें घडलें नाहीं. तत्त्वज्ञ म्हणून आपण ज्यास ओळखतों तो जॉन लॉक वैद्यही होता. सन १६७७ मध्यें पॅरिस येथें इंग्रज वकिलाच्या पत्नीस, नॉर्थंबरलंडच्या काउंटेसला, आत्याबाईंसारखीच कळ येत असतां त्यास बोलावणें आलें, आणि तिच्या यातनांचें वर्णन त्यानें पत्रांतून लंडनच्या वैद्यमित्रांस कळविलें. त्या थोर घराण्यांतील स्त्रीनेंही दांत काढवून पाहिले होते! दुखणें जेथें भासतें तेथेंच तें असलें पाहिजे, हा मनुष्यमात्राचा समज किती जुना आणि किती महाग आहे, हें यावरून दिसून येईल.

आतां आमच्या प्रकृतीविषयीं. डॉक्टरांनीं रात्रीं घ्यावयास एक लहानशी गोळी दिली. तिचें नांव शोधून पाहतां ती मनाच्या औदासीन्यावरही देतात असें कळलें, आणि 'म्हणजे आमचें दुखणें मनाचे खेळ कीं काय?' असा आम्हांस संताप आला. पण तीच गोळी थोड्या प्रमाणांत तंतूंचे निरोप मंदावते, एवढाच त्यांतला अर्थ होता. पहिले काही आठवडे सकाळीं डोकें जड होई. पुढें तें ओसरलें. वेदना गेली नाहीं, उतरली. ती किती आहे, हें डॉक्टर शून्य ते दहा या मापानें विचारतात. आमच्या घरीं मात्र जुनें नाणें चालतें. सौभाग्यवती सकाळीं चहा ठेवतांना विचारतात, "अहो, आज किती आणे?" सोळा आण्यांचे दिवस आतां विरळा; बहुधा चार-पांच आण्यांवर भागतें. त्या पुढें कांहीं उपाय सुचवीत नाहींत, दुसऱ्या कोणाचें उदाहरण देत नाहींत. आंकडा ऐकतात आणि बारा आण्यांच्या वर असला तर खिडकी लावून घेतात. गोळीनें जें झालें तें झालें. पण या प्रश्नानें जें झालें त्याचें माप आमच्यापाशीं नाहीं.

वेदनेच्या अभ्यासासाठीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें वेदनेची व्याख्या १९७९ सालीं केली व २०२० सालीं ती सुधारली. सोबतच्या टिपांत दोन गोष्टी आहेत. मनुष्य आपलें दुखणें सांगतो, त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, ही एक. आणि एखाद्यास सांगतां येत नसलें म्हणून त्यास वेदना नाहीं असें होत नाहीं, ही दुसरी. या दोन गोष्टी समजण्यास शास्त्राला इतकीं वर्षें लागलीं, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. आम्हांस स्वतःला त्यासाठीं दोन दांत मोजावे लागले.

वाचकांस सांगणें एवढेंच. दंतवैद्य निरोगी दांत काढावयास नकार देत असतील, तर त्यांच्यावर रागावूं नये. काम नीट होऊनही ठणका महिनोगणती राहिला, तर दुसरा दांत पुढें करण्यापूर्वीं मज्जातंतूंचे वैद्य गांठावे. आणि आपल्या घरांत कोणी गालाशीं पदर धरून भिंतीस टेकत असेल, तर कारण सांपडेपर्यंत विश्वास राखून ठेवूं नये. विश्वास आधीं द्यावा, कारण मागाहून शोधावें. आम्हीं तो दिला नाहीं. आतां कोणी 'आज किती?' म्हणून विचारलें, कीं आपला आंकडा सांगण्यापूर्वीं जिला हा प्रश्न कोणीच विचारला नाहीं तिची आम्हांस आठवण होते. आणि त्या आठवणीवर अजून कोणतेंही औषध निघालेलें नाहीं.