नानांची बाटली

नोव्हेंबर १९९८. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात छाटणीनंतरचे घड बाहेर पडत होते. रात्री पाऊस होऊन गेला होता. डावणी रोगाची फवारणी दुपारच्या आत उरकायलाच हवी होती. ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर बागेत शिरला आणि चौथ्या ओळीत धापा टाकत बंद पडला. आदल्या आठवड्यात एका वर्कशॉपने सांगितलं होतं, पंप उतरवावा लागेल, नॉझल बदलावे लागतील. तेवढे पैसे घरात नव्हते. आमचे दादा बांधावर बसून राहिले.

पंचवटीतून नाना मिस्त्री सायकलवर आले. "रिकामा पळतो, ओझ्याला दम टाकतो ना? मग त्याला डिझेलच पुरत नाहीये. टाकीपासून बघू." फिल्टरच्या तळाचं डिझेल त्यांनी काचेच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. खाली पाणी, त्यावर काळपट साय, त्यावर डिझेल. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की तिला आतून घाम सुटतो, म्हणून संध्याकाळीच भरून ठेवायची, हे मला तेव्हा कळलं.

फिल्टर बदलला. मग फीड पंपाचा दांडा माझ्या हातात देऊन त्यांनी हवेचा स्क्रू ढिला केला. "फेस येतोय तोवर मार, पोरा." डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबून तापलेल्या हवेत नॉझलने डिझेलचं धुकं सोडायचं, की ते पेटतं. पण लाईनमध्ये हवा शिरली की पंपाचा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि नॉझल उघडतच नाही. फेस सरला, सलग धार आली, स्क्रू आवळला. ट्रॅक्टर सुरू झाला. फवारणी वेळेत झाली आणि त्या वर्षीची बाग वाचली.

नानांनी फक्त फिल्टरचे पैसे घेतले. दादांनी फारच आग्रह केला तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याला आयटीआयला घाला."

सातपूरच्या आयटीआयला जाताना रोज मायको सर्कल लागायचं. नॉझल आणि इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव चौकालाही आहे, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. टेस्टरवर नॉझल लावून दोनशे बारच्या आसपास तो उघडताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वाटलं, नाना इथे हवे होते. चांगला नॉझल कर्रर्र करत धुकं सोडतो; टोकाला थेंब धरला की तो गेला. त्या धुक्याखाली बोट कधीच धरायचं नाही, कातडी भेदून डिझेल आत जातं.

आता माझ्याकडे दुरुस्तीला कॉमन रेलच्या गाड्या येतात, दाब सोळाशे बारच्या पुढे. पाण्याचा थेंब तिथे लाखाचं नुकसान करतो. तरी काळा धूर घेऊन गाडी आली की मी आधी एअर फिल्टर बघतो, डिझेल बाटलीत काढतो, हवा काढतो. एवढं करूनही धूर आणि ठोका राहिला, तरच नॉझल उतरवतो.

शेवटच्या वर्षांत नानांना दिसत नव्हतं. अडलेल्या कामाची बाटली घेऊन मी पंचवटीत जायचो. ती हातात घेऊन ते विचारायचे, "तळाला काय?"

"बोटभर पाणी, नाना."

"मग पंपाला हात लावू नको."