माझ्या कादंबरीतलं खोटं

संपादक म्हणाले, "तुमच्या लेखनाच्या प्रेरणेवर लिहा. काय वाचलं, कुणाचं आवडलं, तेही येऊ द्या."

प्रेरणा हा शब्द ऐकला की मला अवघडल्यासारखं होतं. पांढरपेशा लेखकाच्या घरात खिडकी असते, खिडकीत पाऊस असतो, त्याला प्रेरणा होते. आम्ही वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहत होतो. 160 चौरस फुटांची खोली, आत नऊ माणसं. मी जिन्याजवळच्या दिव्याखाली पालथ्या बादलीवर बसून लिहायचो. येणारा-जाणारा विचारायचा, "अर्ज लिव्हतोस का रं? माझा बी एक लिव्ह." वस्तीत लिहिणं म्हणजे आधी अर्ज. तेही मी पुष्कळ लिहिले.

गावाकडून मुंबईला आलो ते 1973 साली, सोळा वर्षांचा. बा गिरणीत बदली कामगार. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो दिवसा हमाली करायचा नि रात्री रात्रशाळेत जायचा. मी मात्र दिवसाच्या शाळेत. घरात एकालाच दिवसाची शाळा परवडत होती.

वाचनाची चटक लागली ती ना. सी. फडक्यांमुळे. खोटं कशाला बोलू? त्याच नादात पहिली कादंबरी खरडली. तिचा नायक टेनिस खेळायचा. टेनिसची रॅकेट मी हातात सोडाच, डोळ्यांनीही बघितली नव्हती. ते बाड पुढं आयनं चुलीला घातलं, बरं केलं. खांडेकरांची 'ययाति' वाचली तेव्हा रडलोसुद्धा. राजवाड्यातल्या माणसाच्या न भागणाऱ्या भुकेसाठी मी, चाळीतला पोरगा, रडत होतो! 'ययाति' 1959 सालची. अण्णा भाऊंची 'फकिरा'ही त्याच सालची. पण वाचनालयाच्या पेटीतून 'ययाति' माझ्यापर्यंत आधी आली. 'फकिरा' मिळाली ती एका गिरणी कामगाराच्या वळकटीतून, मळलेली, कव्हर नसलेली.

एका रात्रीत संपवली. वाटेगावात मांगवाड्यात जन्मलेला, शाळेचं नाव फक्त टाकलेला माणूस कादंबरी लिहितो, नि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो. दुष्काळात उपाशी मरण्यापेक्षा खजिना लुटायला निघालेली आपली माणसं पहिल्यांदा पुस्तकात भेटली. अण्णा भाऊ 1969 सालीच गेले होते. घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे. आपल्याला चार वर्षं उशीर झाला, एवढंच वाटलं.

मग बाबुराव बागुल. 1963 सालचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. रेल्वेतला तरुण डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो, नि उघडं पडल्यावर मार खातो. मग गॉर्कीची 'आई'. मग 1978 साली 'बलुतं'. दया पवारांनी स्वतःलाच दोन माणसांत फाडलं नि दगडू मारुती पवारला बोलतं केलं. तेव्हा मला ते नुसतं लिहिण्याचं तंत्र वाटलं. त्यातला खरा अर्थ फार उशिरा कळला. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझी पहिली छापील कादंबरी 1986 सालची. तिच्यात 1972 चा दुष्काळ आहे. आमच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. आय आणि दादा खडी फोडायचे. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती, नि तीही पुरत नव्हती. चारा-पाण्यावाचून ढोरं पटापटा मरत होती. मेलेलं ढोर खायचं नाही, हे बाबासाहेबांनी महाडला 1927 सालीच सांगितलेलं. 1956 साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात ते शिजलं नव्हतं. त्या दुष्काळात एकदा शिजलं. एकदाच.

कादंबरीत तो प्रसंग मी लिहिला. सगळं घर खातं. धाकटा पोरगा मात्र ताट सारतो, बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसतो नि उपाशी झोपतो. तो धाकटा म्हणजे मी. वाचकांची पत्रं आली. ते पान लोकांना फार लागलं. सभेत मला तेच वाचायला सांगायचे.

दादा तेव्हा नोकरीला लागून उपनगरात राहत होता. आडनावावरून जात कळत नव्हती, त्यानंही सांगितली नव्हती. पुस्तकावर माझा फोटो. शेजाऱ्यांनी ओळखलं. वहिनीला नळावर बाजूला व्हायला सांगितलं. एका रात्री दादा आला, दारातच उभा राहिला नि म्हणाला, "तुला कुणी हक्क दिला?" मी त्याला बागुल ऐकवले. जात चोरणाऱ्यांवर भाषणच केलं म्हणा. तो काही बोलला नाही. पाणी न पिता गेला.

दुसऱ्या दिवशी आय म्हणाली, "त्या बुकात काय लिवलंस, वाच मला." मी वाचायला लागलो. ते पान आलं, तशी मी दोन पानं एकदम उलटली. आयला अक्षर येत नव्हतं, पण पानाचा आवाज कळला.

"मागं घे."

मागं घेतलं. वाचलं. आय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शिजवलं ते म्याच. लिव्ह, मला लाज न्हाई, पोरं भुकेली व्हती. पर खाल्लं न्हाई ते तुज्या दादानं. बासाहेबाच्या फोटूखाली त्यो बसला व्हता. तू तर दोनदा मागून घेतलंस. तुजं वय व्हतं खायाचं. पर त्याचं त्याला ऱ्हाऊ द्यायचं हुतंस."

मला ते आठवत होतं का? होतं. लिहिताना आठवत होतं. नायक आपल्याला शोभेल असा हवा होता, म्हणून मी दादाची ती रात्र उचलून स्वतःच्या अंगावर घातली. बागुलांच्या गोष्टीतला तरुण घरासाठी जात चोरतो. दादाही तेच करत होता. मी टाळ्यांसाठी भावाची उपाशी रात्र चोरली. आणि वर त्यालाच चोर म्हणालो.

पुढं बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचलं. त्यांनी आपल्याच घरातल्या पुरुषांनाही मोकळं सोडलेलं नाही. तेव्हा 'बलुतं' पुन्हा काढलं. दगडूला बोलतं करणं म्हणजे काय, ते आता समजलं. आपण व्यवस्थेचे वाभाडे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण त्या कागदावर स्वतःला किती सूट देतो, हे कोण तपासणार? समीक्षक तपासू शकत नाही. त्याला त्या रात्री कोण जेवलं ते ठाऊक नसतं.

आय गेली. दादाही गेला. शेवटच्या काळात तो घरी यायचा, माझी पुस्तकं चाळायचा, त्या कादंबरीला हात लावत नसे. मी माफी मागितली नाही. दर वेळी पुढच्या वेळी म्हणून राहिली.

आता नवी आवृत्ती निघते आहे. प्रुफं समोर आहेत. प्रकाशक म्हणतात, गाजलेलं पान आहे, हात लावू नका. मी 'धाकटा' खोडून 'थोरला' लिहिलं आहे. आणि खाली एक ओळ घातली आहे, की धाकट्यानं दोनदा मागून घेतलं.