हिरवा कोणता, तांबडा कोणता?

(द्वितीय वर्ष, कला)

सातवीत असताना मी महाराष्ट्राच्या नकाशातली जंगले तपकिरी रंगवली होती. गुरुजींनी ती वही वर्गभर फिरवली आणि म्हणाले, "याच्या जंगलाला वणवा लागलाय." वर्ग हसला, मीही हसलो. नेमके काय चुकले ते मात्र मला कळले नव्हते. माझ्या समजुतीने मी हिरवीच पेन्सिल उचलली होती.

त्यानंतर मी एक तोड काढली. रंगीत पेन्सिलीचे बूड ब्लेडने सोलायचे आणि उघड्या लाकडावर त्या रंगाचे पहिले अक्षर लिहून ठेवायचे. अक्षर कोणते ते बाकावरचा मित्र सांगे. पेन्सिली हरवू नयेत म्हणून मी खुणा करतो, असे त्याला वाटे. या अक्षरांच्या जोरावर मी दहावी झालो, बारावी झालो आणि भूगोल घेऊन या महाविद्यालयात आलो.

खरे सांगायचे तर मी इथे यायचा नव्हतो. माण तालुक्यातल्या मुलाने बारावी झाली की भरतीला पळायचे, हे आमच्याकडे ठरलेलेच. मीही पळालो. धावण्यात पास झालो, छातीत पास झालो आणि शेवटी एका टेबलापाशी ठिपक्याठिपक्यांचे पुस्तक पुढे आले. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये तयार केलेली ही पाने. रंगीत ठिपक्यांत आकडा दडवलेला असतो, तो वाचायचा. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, मलाही दिसला. पुढच्या पानांवर नुसते ठिपके! मागचा मुलगा माझ्या खांद्यावरून पाहून हळूच आकडा पुटपुटला, तरी मला तो दिसेना.

घरी आलो तेव्हा आई एवढेच म्हणाली, "तुझ्या मामाचंबी असंच झालं हुतं." मामा भरतीतून परत आला होता हे मला ठाऊक होते, कशामुळे ते कोणी बोलले नव्हते. आईची समजूत अशी, की मी पोटात असताना तिने ग्रहणात भाजी चिरली. मग मामाच्या वेळी आजीने काय चिरले होते, हे अगदी जिभेवर आले होते, पण तिचा चेहरा पाहून गप्प बसलो.

मामाची डाळिंबाची बाग आहे. डाळिंब पिकले की नाही ते लोक रंगावरून ओळखतात, मामा टिचकी मारून ओळखतो. पिकलेल्या फळाचा आवाज धातूसारखा टणटणीत येतो, कच्च्याचा बद्द येतो. फळाच्या कडा चपट्या झाल्या का, मुकुटाच्या पाकळ्या मिटत आल्या का, हे तो बोटांनी चाचपतो. 'ह्याच्या हाताला गुण आहे' असे व्यापारी म्हणतात. मामा ते ऐकून घेतो.

मला सगळे काळे-पांढरे दिसते, असे कोणी समजू नये. निळा मला लख्ख दिसतो, पिवळा दिसतो. घोटाळा होतो तो तांबडा, हिरवा आणि तपकिरी या तिघांत. ती मला सख्खी भावंडे वाटतात, आणि उजेड कमी असला तर जुळी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ मध्ये एकाला असे असते, असे ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचले. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन यांतलाच. त्याने १७९४ मध्ये मँचेस्टरला स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे आपल्याला असे दिसत असावे, असा त्याचा तर्क होता, म्हणून मेल्यावर आपले डोळे तपासा असे त्याने सांगून ठेवले. १८४४ मध्ये तो वारला, डोळे तपासले, द्रव स्वच्छ निघाला! जपून ठेवलेल्या डोळ्याची जनुकीय तपासणी १९९५ मध्ये झाली तेव्हा खरे कारण कळले. हिरव्याची जाण देणारे द्रव्यच त्याच्याकडे नव्हते. त्याच पुस्तकात पुढे हेही होते, की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते. ते पान मी दोनदा वाचले आणि पुस्तक परत केले. घरी काही सांगितले नाही.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर शिकवतात. आकड्यांचे नकाशे करणारे हे सॉफ्टवेअर गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केले आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवले. ते फुकट मिळते, म्हणून आमच्यासारख्या महाविद्यालयात ते येऊ शकले. मॅडमनी हवामान खात्याची पावसाची आकडेवारी आणली होती. पुण्याच्या कार्यालयाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस ०.२५ अंशाच्या चौकटींत मांडून ठेवला आहे. एक चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरचा चौरस. त्यांतून आम्ही वार्षिक सरासरीचा नकाशा केला.

विभागाच्या तयार फाईलमध्ये रंगांची एक पट्टी आधीच ठरवून ठेवलेली होती. तिचे नाव 'आर-डी-वाय-एल-जी-एन'. हे रेड, यलो, ग्रीन यांचे संक्षेप आहेत हे मला फार उशिरा कळले. कमी पाऊस तांबडा, मध्यम पिवळा, भरपूर हिरवा. कोणालाही पटावी अशीच योजना आहे. मॅडमनी मला उभे केले.

"तुझा तालुका कोणत्या गटात येतो?"

मी पाहिले. मधला पट्टा पिवळा होता, तो दिसत होता. पलीकडे माण आणि अलीकडे महाबळेश्वर, दोन्ही मातकट.

"महाबळेश्वरच्याच गटात, मॅडम."

वर्ग असा हसला की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणात जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्ही सातारा जिल्ह्यातच, सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. आणि हे मला कोणी शिकवायला नको! उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन मी स्वतः धावलो आहे. माझ्या गावाला पाऊस नाही हे मला माहीत होते, पण नकाशा तसे म्हणत नव्हता, आणि मी नकाशावर विश्वास ठेवला. ज्याच्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नसते, त्याला छापील आणि पडद्यावरची गोष्ट कायद्यासारखी वाटते. ती चुकीची असेल किंवा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांसाठी बनवलेली असेल, असे मनात येत नाही. आपलेच चुकत असणार, असेच वाटते.

त्या रात्री वसतिगृहावर मी भूगोल सोडून दुसरा विषय मिळावा म्हणून अर्ज लिहिला. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिले.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. त्यांनी तो वाचला आणि विचारले, "घरगुती म्हणजे काय?" मग मी पेन्सिलींपासून सगळे सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. संगणकाकडे वळून त्यांनी कालचा नकाशा उघडला आणि वरच्या 'व्ह्यू' मेनूत गेल्या. तिथे 'प्रिव्ह्यू मोड' नावाची एक ओळ आहे. इतके दिवस ती आम्ही कोणीच उघडली नव्हती. रंगांधळ्या माणसाला हा नकाशा कसा दिसेल ते तिथे पाहता येते, आणि त्याचेही प्रकार आहेत.

मॅडमनी पहिला प्रकार निवडला. तांबडा भाग मला काळपट झाल्यासारखा वाटला. मग त्यांनी 'ड्यूटेरॅनोपिया' निवडला आणि त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला.

"काय झालं, मॅडम?"

"तुला काही बदललेलं दिसतंय?"

"नाही."

"अरे, सगळं मातकट झालंय! महाबळेश्वर कुठलं आणि माण कुठलं, मलाच कळत नाहीये."

ज्या प्रकारात मला काही बदल दिसत नाही, तो माझा प्रकार! डाल्टनचाही तोच. एखाद्या माणसाने माझ्या डोळ्यांनी पाहिले असे ते पहिल्यांदाच घडले. "तुला रोज असं दिसतं?" असे त्यांनी विचारले, त्याला काय उत्तर द्यावे सुचेना. मला रोज असेच दिसते, त्यामुळे 'असे' म्हणजे कसे ते मला सांगता येत नाही.

मग आम्ही पट्टी बदलली. 'व्हिरिडिस' नावाची एक पट्टी आहे, २०१५ मध्ये तयार झालेली. गडद जांभळ्यापासून निळ्या-हिरवटावरून पिवळ्यापर्यंत जाते. तिची खुबी अशी, की रंग ओळखू आला नाही तरी उजळपणा पायरीपायरीने चढत जातो. ती लावली आणि माण महाबळेश्वरपासून तुटून निराळे उभे राहिले. कोणी न सांगता! फक्त पाऊस पिवळा आणि दुष्काळ गडद, हे मला रुचेना. आमच्याकडे आभाळ भरून येते ते गडदच होते. पट्टी उलटवण्याचीही सोय निघाली. आता महाबळेश्वर जांभळे आहे आणि माण उन्हासारखे पिवळे.

एकदा बदलता येते हे कळल्यावर मात्र मला चटकच लागली. 'युजर प्रोफाइल' या सोयीतून स्वतःच्या नावाची वेगळी मांडणी करता येते, ती केली. प्रोजेक्टच्या गुणधर्मांत 'डिफॉल्ट स्टाइल्स' म्हणून भाग आहे, तिथे माझी पट्टी कायमची नेमून फाईल साच्यासारखी जपून ठेवली. मग 'इंटरफेस कस्टमायझेशन' सापडले. तिथे पडद्यावरच्या सगळ्या मेनूंची आणि बटनांची यादी असते, नको त्यावरची खूण काढायची. मी शेताची भांगलण करावी तशी बटने उपटत गेलो आणि त्या भरात 'सेटिंग्ज' हा मेनूच उपटला! सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले तर परत जायचा रस्ताच नाही. ज्या दाराने आत शिरलो तेच दार बुजवून टाकलेले. दोन दिवस कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. अखेर प्रयोगशाळेच्या सहायकांनी सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा आणि 'नोकस्टमायझेशन' एवढा शब्द जोडला, तेव्हा सगळी बटने जागच्या जागी परत आली. "पुन्हा हात लावलास तर बघ," असे ते म्हणाले. मी नंतर हात लावला, पण जपून.

रंगांपेक्षा अवघड प्रश्न टप्प्यांचा निघाला. पावसाचे पाच समान टप्पे पाडले की घाटमाथा आणि कोकण वरचे टप्पे घेऊन बसतात, आणि माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हे सगळे, शिवाय मराठवाड्याचा मोठा भाग, एकाच खालच्या टप्प्यात कोंबला जातो. म्हणजे पट्टी कितीही चांगली असली तरी आमच्यातला फरक पुसलाच जातो. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यात सारख्या संख्येने चौकटी घेतल्या, तर आमच्या भागातले बारकावे वर येतात. मॅडम म्हणाल्या, "पण आता पन्नास मिलिमीटरच्या फरकालाही वेगळा रंग मिळाला. बघणाऱ्याला वाटेल केवढी दरी आहे." त्यांचे खरे आहे. तरी मी सारख्या संख्येच्याच बाजूचा आहे. महाबळेश्वरला पन्नास मिलिमीटर म्हणजे एका दुपारची सर, माणात तेवढ्यावर बाजरी येते की जाते ते ठरते. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. सूचीत प्रत्येक रंगापुढे आकडे ठळक लिहायचे, एवढ्यावर तूर्त एकमत आहे.

दिवाळीला जाताना दोन्ही नकाशे रंगीत छापून नेले. मामा आला होता. ओसरीवर आधी तांबड्या-हिरव्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने पाहिला आणि न बोलता बाजूला सारला. मग दुसरा ठेवला. मामा बराच वेळ वाकून बघत राहिला आणि त्याने बोट ठेवले ते बरोबर माणावर.

"हितं हाय न्हवं आपण?"

आई दारातून बघत होती. मग मला राहवले नाही, गुणसूत्राचे सगळे सांगून टाकले. ग्रहणाचा काही संबंध नाही, हेही सांगितले. आईने विचारले, "म्हंजे माझ्याकडनंच आलं की." मला वाटले, न सांगते तर बरे झाले असते. पण मामाच म्हणाला, "तुझ्याकडनं त्याला आलं, मला कुणाकडनं आलं? आयकडनं. आन् ती तर बसलीय वर जाऊन. तिला जाब इचार." आई हसली. भाजीचे मात्र ती अजून पूर्ण विसरली आहे असे मला वाटत नाही.

निघताना मामाने विचारले, "माझ्या बागंचा असा कागद निघंल का रं?"

परत आल्यावर मॅडमना विचारले. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात, त्यांतली बारीकात बारीक चौकट दहा मीटरची. एकेक झाड सुटे दिसायचे नाही, पण बागेचा कोणता कोपरा सुकतो आहे ते दिसू शकेल, असे त्या म्हणाल्या. मामाने फोनवर बागेची मापे सांगितली आहेत. जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून ती मी त्या अर्जाच्या पाठीवर लिहून घेतली.