ज्वारीच्या मुलखात जवाची दारू

मे महिन्यात वाशीमच्या गच्चीवरची फरशी संध्याकाळी सातलाही पायाला चटके देते. तिथे सतरंजी टाकून एडिनबर्गहून आलेल्या आतेभावाने तीन बाटल्या मांडल्या: स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट, आयला बेटावरची लाफ्रॉएग आणि येताना गोव्यातून घेतलेली पॉल जॉन. समोर काका. सत्तरी ओलांडलेले, उमेदीची वर्षं ज्वारीत आणि पुढची सोयाबीनमध्ये घालवलेले. पेले भरायचं काम माझ्याकडे होतं.

ग्लेनलिव्हेटचा फळांसारखा गोडसर वास त्यांना आवडला. लाफ्रॉएग मात्र नाकाशी नेताच ते म्हणाले, ‘‘अरे बाप्पा! हे तं दवाखान्यावानी वास मारते!’’

काकांचं नाक तिखट निघालं. आयलाच्या या व्हिस्कीला जाणकारही आयोडीनची आठवण देणारी म्हणतात. जव भिजवून, मोड आणून वाळवायचे, ही माल्टची रीत. झाडं कमी असलेल्या त्या बेटावर जळण म्हणजे पीट, दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातली फिनॉलं दाण्याला चिकटतात आणि ऊर्ध्वपातनातूनही तरून जातात. स्पेसाइडकडे बहुतेक कारखाने हा धूर टाळतात. 2009च्या नियमांनी स्कॉचचे असे पाच प्रदेश ठरवून दिले आहेत. ओकच्या पिपात किमान तीन वर्षं मुरणं मात्र सगळ्यांनाच सक्तीचं.

मोडाचं ऐकून काका सरसावले. ‘‘सुगीत पाणी लागलं का आमच्या ज्वारीलेबी कणसातच मोड येतात. त्याची होत नाही का?’’

होते. चीनमधली बायज्यू मुख्यतः ज्वारीचीच. महाराष्ट्र सरकारनेही 2007 साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाचं धोरण आणलं; धान्य ताटात जावं की बाटलीत, यावरून पुढे बराच वाद पेटला. गंमत अशी, की भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कित्येक स्वस्त बाटल्यांत धान्य नावापुरतंच असतं. मूळ मद्यार्क उसाच्या मळीचा. युरोपीय महासंघात अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

अस्सल देशी माल्टही आता आहे. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. कुंकळ्ळीची पॉल जॉन 2012 मध्ये आली, भारतीय जवाची. उष्ण हवेत दारू लवकर मुरते, पण उडूनही जाते: स्कॉटलंडमध्ये पिपातली वर्षाला साधारण 2 टक्के, बंगळुरूत 10 टक्क्यांच्या पुढे.

‘‘मंग वाशीमले पीप ठेवलं तं पिपच उरन,’’ काका म्हणाले.

पॉल जॉनचा दुसरा पेला त्यांनी स्वतःच ओतून घेतला आणि भाच्याकडे वळून विचारलं, ‘‘तिकडं जवाले क्विंटलमागं भाव काय देतात?’’ भाच्याने मोबाइल काढला आणि शोधत बसला.